पलीकडे गाडी उभी होती : पिन-पार्वतीवरून परत फिरलेल्या एका टीमचं प्रकरण

हे प्रकरण काही वर्षांपूर्वीचं, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातलं. मी त्या टीममध्ये पैसे भरून आलेला साधा सदस्य होतो, फक्त बेसिक माउंटेनियरिंग कोर्स केलेला होता म्हणून लीडरनं पहिल्याच दिवशी "तू मागे स्वीपला राहशील ना रे" (म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालून मागे पडणाऱ्यांवर लक्ष ठेवशील ना) असं विचारलं आणि मी हो म्हटलं, म्हणजे अर्धा सदस्य आणि अर्धा फुकटचा मदतनीस. माणसांचे एकदोन तपशील बदललेत, आयोजक कोण ते सांगणार नाही. ज्यांच्यावर बेतलं त्यांना टीममध्ये सगळे काका म्हणायचे, इथेही काकाच म्हणतो, आणि त्यांना वाचून दाखवूनच हे लिहिलंय.

पार्श्वभूमी

पिन-पार्वती पास, म्हणजे खिंड, ५३१९ मीटरवर आहे. अलीकडे कुल्लू जिल्ह्यातलं हिरवंगार पार्वती खोरं, पलीकडे स्पितीतलं कोरडं ठणठणीत पिन खोरं, मध्ये हिमनदी. १८८४ साली लुई डेननं हा पास पहिल्यांदा ओलांडल्याची नोंद आहे, स्पितीत उतरायची वेगळी वाट शोधत तो आला होता. आता वाट बरशैणीहून सुरू होते, मग खीरगंगा, टुंडा भुज, ठाकूर कुआं, मग पांडुपूल म्हणजे नदीवर अडकून बसलेले अवाढव्य दगड ज्यांच्यावरूनच नदी ओलांडायची, आणि त्यानंतर साधारण ४१०० मीटरवर मंतलाई सरोवर, पार्वती नदीचा उगम. तिथून मोरेनच्या, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेल्या, दगडगोट्यांतून वर चढत पासच्या खालचा कॅम्प, आमचा ४८०० च्या आसपास लागला होता. मग पास, आणि पलीकडे पिन खोऱ्यात उतरत उतरत मुद गाव, जिथे गाडीरस्ता मिळतो.

आता ह्या सगळ्या प्रकरणात जी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नीट नव्हती ती आधी सांगतो. शिखर करताना वर जायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं असतं, त्यामुळे परत फिरणं म्हणजे घरी जाणं. पासचं उलटं असतं. घरची वाट पलीकडे असते, गाडी पलीकडे उभी असते, परतीचं तिकीट पलीकडच्या तारखेला असतं, आणि जितके वर जाल तितकं मागे फिरणं लांब आणि पुढे जाणं जवळ वाटत जातं. आमच्या बाबतीत पासच्या खाली उभं राहून पुढे एक कठीण दिवस आणि मग उतार, मागे चार दिवस तीच दगडं, तेच नाले. थकलेलं डोकं हे गणित एका सेकंदात सोडवतं आणि दरवेळी उत्तर एकच येतं.

माणसं आणि सामान

अकरा सदस्य, एक मराठी लीडर ज्याला सगळे दादा म्हणायचे, एक स्थानिक गाईड, त्याचा एक मदतनीस, स्वयंपाकी आणि पोर्टर. दादा हिमालयात बरंच फिरलेला पण हा पास त्यानं एकदाच केलेला. गाईडजींनी तो कितीतरी वेळा ओलांडलेला. सदस्यांचं काय करायचं ते दादा बघणार, वाट गाईडजी बघणार अशी वाटणी होती आणि ती छान चालली होती, फक्त परत फिरायचं की नाही हे कोण ठरवणार ह्याबद्दल कुणी कुणाशी एक शब्द बोललेलं नव्हतं. हे मला नंतर लक्षात आलं, तेव्हा आलं नाही.

सामानात एक ४० मीटरची दोरी, एक ३० मीटरची, आणि हार्नेस, म्हणजे दोरी अडकवायचे कमरेचे पट्टे, ६. माहितीपत्रकात 'टेक्निकल इक्विपमेंट सोबत असेल' असं लिहिलेलं होतं आणि होतंच सोबत, खोटं नव्हतं. औषधांच्या पेटीत ऑक्सिजनचे ते स्प्रेसारखे दोन छोटे डबे, ज्यात सहा-दहा लिटर असतो आणि जे नाकाला लावले तर दोन-चार मिनिटांत संपतात. सॅटेलाइट फोन नाही. थुराया किंवा इरिडियमचा फोन आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे, दूरसंचार विभागाची परवानगी काढून बीएसएनएलकडून इनमारसॅटचा घेता येतो पण ती खटपट फार थोडे लोक करतात. त्यामुळे खीरगंगा सोडल्यापासून आम्ही जगाच्या लेखी नव्हतोच, आणि हवामानाचा अंदाज म्हणजे निघताना फोनवर पाहिलेला, जो वरच्या कॅम्पला पोचेपर्यंत शिळा झालेला.

दिवस कुठे गेला

सुरुवातीलाच दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि एक दिवस गाडीतच गेला. कार्यक्रमात एक दिवस विश्रांतीचा होता, मंतलाईला, उंचीची सवय व्हावी म्हणून. पहिल्या कॅम्पवर जेवणानंतर दादानं विचारलं, मुदला गाडी अमुक तारखेला येणार, एक दिवस गेलाय, मंतलाईचा दिवस कापूया का, की उशीर करूया. सगळ्यांनी हात वर केले, कापूया. मीही केला. तेव्हा आम्ही झाडीत होतो, पाऊस थांबलेला, सगळ्यांची तब्येत टुणटुणीत, आणि चार दिवसांनी येणाऱ्या उंचीची भीती झाडीत बसून वाटत नाही.

उंचीचा नियम तसा सगळ्यांना पाठ असतो. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. मंतलाई ते वरचा कॅम्प म्हणजे सुमारे ७०० मीटर, एका दमात. विश्रांतीचा दिवस होता तोवर ही उडी चालून गेली असती. तो दिवस आम्ही बफर म्हणून खर्च केला, पण तो बफर नव्हताच, ते औषध होतं आणि आम्ही त्याला रिकामा दिवस समजलो. पूर्ण प्रकरणात सगळ्यात स्वस्तात घेतलेला निर्णय हा, आणि सगळ्यात महाग पडलेलाही हाच.

वरच्या कॅम्पवरची संध्याकाळ

काका पन्नाशी ओलांडलेले, रोज चालणारे, टीममधल्या निम्म्या पोरांपेक्षा फिट. मंतलाईलाच त्यांचं डोकं दुखत होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, दुखण्यावरची गोळी घेतली आणि गप्प बसले. वरच्या कॅम्पवर संध्याकाळी मेस टेंटमध्ये सगळ्यांचं ऑक्सिमीटर झालं, म्हणजे बोटाला यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजला. इतरांचे आकडे ८० ते ८४, काकांचा ७४. दादानं त्यांचे हात चोळले, गरम पाण्याचा मग धरायला दिला, परत मोजलं, ७९ आलं, आणि दादा म्हणाला "हां, बोटं गार होती." ते खरंही आहे, गार बोटांवर ते यंत्र काहीही दाखवतं. पण त्या ७९ नं सगळ्यांचं समाधान झालं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

विचारला तो असा, "काका, बरं वाटतंय ना?" दहा लोकांसमोर, हसत. ह्याला कोण नाही म्हणणार. 'लेक लुईस' म्हणून एक साधी पद्धत आहे, डोकेदुखी, पोट, थकवा, गरगरणं ह्या चारांना ० ते ३ गुण द्यायचे, डोकं दुखतंय आणि बेरीज ३ किंवा वर गेली की उंचीचा आजार धरायचा, आणि उंचीचा आजार धरला की बरं वाटेपर्यंत आणखी वर झोपायला जायचं नाही. काका त्या रात्री जेवले नाहीत, दमले म्हणून बूट न काढताच आडवे झाले, डोकं दुखत होतंच. बेरीज पाचाच्या खाली आली नसती. पण बेरीज करायला कुणीतरी त्यांच्या टेंटमध्ये एकट्यानं जाऊन एक-एक विचारायला हवं होतं. मी शेजारच्याच टेंटमध्ये होतो.

रात्री अकराच्या सुमाराला टेंटवर तो आवाज सुरू झाला, वाळू चाळल्यासारखा. बर्फ. पहाटे टेंट आतून झटकला तर वीतभर थर खाली घसरला.

सकाळ : निघायचं की नाही

ठरलं होतं साडेतीनला निघायचं, कारण हिमनदीवरचे स्नो ब्रिज, म्हणजे क्रेव्हासवर (हिमनदीतल्या खोल भेगांवर) तयार झालेली बर्फाची झाकणं, पहाटे गोठून कडक असतात आणि ऊन चढलं की मऊ होतात. बर्फ थांबायची वाट बघत निघालो सहा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे अडीच तासांहून जास्त उशिरा, नव्या बर्फात, आणि त्या नव्या बर्फानं जुन्या भेगांच्या खुणा पुसून टाकलेल्या. ताजा बर्फ नसलेल्या हिमनदीवर भेग दिसते, तुम्ही वळसा घालता. वीतभर भुसभुशीत बर्फ पडला की भेग आणि जमीन सारखीच पांढरी दिसते.

गाईडजींचं म्हणणं होतं आजच निघूया, कारण आभाळ मोकळं झालंय पण पश्चिमेकडे अजून भरलेलं आहे. "सर, कल का कुछ पता नहीं." एक दिवस तिथेच थांबायचं म्हटलं तर रॉकेल जेमतेम एका दिवसाचं होतं. बर्फ परत पडला तर पुढेही नाही आणि मागेही नाही अशी अवस्था, आणि ही भीती पोकळ नाही, ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्षिल ते छितकुल वाटेवरच्या लमखागा पासवर अवेळी बर्फात अडकून ट्रेकर गेलेत, २०१४ च्या ऑक्टोबरात नेपाळमध्ये थोरोंग ला वर तर हुदहुद वादळाच्या शेपटीनं कितीतरी माणसं मारली. तिसरा पर्याय मंतलाईला उतरायचा, तो कुणी उच्चारलाच नाही. नंतर आम्ही सगळे एकमेकांना हेच विचारत होतो की तू का नाही बोललास.

दादानं निघायचा निर्णय घेतला. किती वाजेपर्यंत पास नाही आला तर परत फिरायचं, ती वेळ त्याच्या मनात होती, साडेअकरा. त्यानं ती मला आठवड्यानंतर सांगितली.

दोरीबद्दल मी विचारलं तेव्हा गाईडजी म्हणाले "ऊपर जाके बांधेंगे". पोर्टर सामान घेऊन आमच्या आधी निघून गेले, त्यातले चौघं तर तासभर पुढे होते आणि झोपायचे टेंट त्यांच्या पाठीवर. हार्नेस सहा, ते सदस्यांसाठी. नव्या बर्फात जो सगळ्यात पुढे पाय टाकतो आणि ज्याच्या पाठीवर पंचवीस किलो असतं त्याला एकही नाही. ह्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही, आणि आत्ताही हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज ह्या वाक्याची वाटते.

सकाळचे नऊ पन्नास

साधारण ५०८० मीटर, पास वर दिसतोय, सुमारे दोनशे चाळीस मीटर राहिलेत. काका दहा पावलं टाकून बसत होते, मग आठ, मग पाच. सुरुवातीला मला वाटलं दम लागलाय. मग पाहिलं की ते आधीच्या माणसाच्या ठशात पाय टाकतच नाहीयेत. ठसे समोर स्पष्ट खोल पडलेत, टीममधलं प्रत्येक माणूस झोपेत असल्यासारखं त्या ठशांत पाय टाकत चाललंय, आणि काकांचा पाय दरवेळी बाहेर पडतोय, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मांडीपर्यंत रुततायत, काढतायत, परत बाहेरच. हातमोजा एकाच हातात. दुसरा कुठे गेला विचारलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी आली का?"

त्याच वेळी समोर पन्नास-साठ पावलांवर चाललेला पोर्टर कमरेपर्यंत खाली गेला. आवाज काहीच झाला नाही, फक्त माणूस अर्धा झाला. पाठीवरचं ओझं कडेला अडकलं म्हणून तो राहिला, काठी आडवी टाकून, दुसऱ्या दोघांनी खांदे धरून ओढून काढला. तो बाहेर आल्यावर जे भोक राहिलं त्यात निळं आणि मग काळं दिसत होतं.

दादा मागे आला. मी म्हटलं काकांना सरळ रेषेत चालवून बघू, टाचेला अंगठा लावून. उंचीमुळे मेंदूला सूज येते तेव्हा तोल सगळ्यात आधी जातो, आणि ही परीक्षा त्यासाठीच आहे. दादा वैतागून म्हणाला "बर्फात बूट घालून कोण सरळ चालतंय रे?" मुद्दा बरोबर होता. मग आम्ही दहा-बारा पावलांचा पट्टा तुडवून घट्ट केला आणि मी दादालाच म्हटलं तू आधी चाल. तो चालला, थोडा डुगडुगत पण चालला. मग टीममधल्या डॉक्टरताई चालल्या. मग काका. दुसऱ्या पावलाला ते बाजूला कोसळले आणि हसले. दादाचा चेहरा त्या क्षणी बदलला, त्यानंतर त्याच्याशी एकदाही वाद घालावा लागला नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, पुढे जाणं. गाईडजी आणि चार-पाच सदस्य ह्या बाजूचे, आणि त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. पास दोन तासांवर, पलीकडे उतार, उतरलं की उंची कमी, उंची कमी झाली की काका बरे, शिवाय पुढे गाडी. ऐकायला एकदम बिनतोड. मी गाईडजींना एकच विचारलं, पलीकडचा आजचा कॅम्प मंतलाईच्या वर का खाली? ते म्हणाले, वर. म्हणजे अजून दोनशेहून जास्त मीटर चढून, दिवसभर चालून, रात्री आम्ही जिथे झोपलो असतो ती जागा मागच्या मंतलाईपेक्षा उंचच असती. आणि हे जो माणूस चालू शकतोय त्याच्यासाठी. काकांना पासवर उचलून न्यायचं तर कोण नेणार, नव्या बर्फात, ब्रिज मऊ होत असताना. आजारी माणसाला खाली न्यायला आधी वर नेणं ही पासवरची खास चकवा देणारी गोष्ट आहे, 'पलीकडे उतरलं की झालं' ह्या वाक्यात 'पलीकडे' हा शब्द सगळं काम करतो.

दुसरा, टीम दोन भागांत. आठ जणं गाईडजींबरोबर पुढे, काका, मी, दादा आणि डॉक्टरताई मदतनीसाबरोबर मागे. ह्यावर खरी चर्चा झाली, दहा मिनिटं, जी त्या थंडीत खूप असतात. तब्येत ठीक असलेल्यांनी का परतावं हा प्रश्न रास्तच होता. पण हिशोब मांडला तर टेंट पुढे गेलेले, रॉकेल आणि स्वयंपाकाचं मागच्या पोर्टरांकडे, हार्नेस सहा, दोऱ्या दोन. टीम तोडायची तर सामान आधीपासून तोडता येईल असं भरायला लागतं आणि आमचं भरलेलं होतं पोर्टरांच्या सोयीनं. ३० मीटरच्या एका दोरीवर आठ जणं बांधली तर दोघांत जेमतेम चार मीटर पडतात, एक भेगेत गेला की पुढचा-मागचा ताण सांभाळायच्या आतच ओढला जाणार. चार-पाच माणसं आणि मध्ये आठ-दहा मीटर, हे कोर्समध्ये घोटून घेतात ते ह्याचसाठी.

तिसरा, तिथेच थांबून काकांना औषध देऊन बघायचं. तो दोन मिनिटांत बाद झाला, ५००० मीटरच्या वर उघड्यावर बसून मेंदूची सूज उतरत नाही.

काय केलं

सगळे परत. मदतनीस एकटा वर धावत गेला, पुढच्या चार पोर्टरांना शिट्ट्या मारत, कारण टेंट पास ओलांडून गेले असते तर रात्री आम्ही उघड्यावर. (एकट्यानं, दोरीशिवाय, मऊ बर्फावर. ते सुखरूप झालं म्हणून ते बरोबर होतं असं नाही.)

डेक्सामेथासोन, म्हणजे मेंदूची सूज कमी करणारं औषध, द्यायचं ठरलं, पहिल्यांदा ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४. पेटी उघडली तर गोळ्या निघाल्या ०.५ मिलिग्रॅमच्या, एक पट्टी, दहा. म्हणजे पूर्ण पट्टी खाल्ली तरी ५ होणार. तळाशी कापसात गुंडाळलेल्या इंजेक्शनच्या दोन कुप्या सापडल्या, २ मिलिलिटरच्या, प्रत्येकीत ८. डॉक्टरताईंनी एक स्वतःच्या काखेत धरून गरम केली आणि काकांच्या दंडात टोचली. ताई दातांच्या डॉक्टर, ट्रेकभर आम्ही त्यांना त्यावरून चिडवलं होतं, त्या वेळी त्यांचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा स्थिर होता.

उतरताना एक दोरी काकांसाठी. पुढे मी, मध्ये काका, आणि त्यांच्या मागे जेमतेम दोन मीटरवर गाईडजी दोरी हातात आखडून, म्हणजे काका लडबडले की लगेच ताण. बाकीच्यांना ४० मीटरच्या दोरीवर पाच-पाच करून भेगांचा भाग पार करवला, दोरी परत वर आणून दुसरे पाच. सकाळचे आपलेच ठसे होते म्हणून वाट शोधावी लागली नाही. कॅम्पच्या जागेवर साडेबाराला आलो आणि तिथे दादानं दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय घेतला, की इथे थांबायचं नाही. सगळे गळून गेलेले, ऊन पडलेलं, टेंट लावून आडवं व्हावं असं प्रत्येकाला वाटत होतं, काकाही जरा बरे दिसत होते. तो म्हणाला इंजेक्शननं बरं दिसतंय, उंची तीच आहे. मोरेनवर काकांना बराच वेळ पोर्टरांनी आळीपाळीनं पाठीवर घेतलं. मंतलाईला पोचलो तेव्हा पावणेसहा वाजले होते.

शेवटी काय झालं

रात्री दर दोन तासांनी ताई आणि मी आळीपाळीनं काकांना उठवून नाव, वार, कुठे आहात विचारत होतो. पहाटे चारला त्यांनी मला शिवी दिली, तेव्हा जरा जीवात जीव आला. सकाळी ते सरळ रेषेत चालले. तरी एक दिवसही न थांबता खाली काढत नेलं, चौथ्या दिवशी बरशैणी, पुढे दवाखान्यात तपासणी झाली आणि मागे काही राहिलं नाही. दोघांच्या पायांची बोटं ओल्या बुटांनी पांढरी पडली होती, ती महिनाभर बधिर राहून सुधारली. भेगेत गेलेल्या पोर्टरच्या बरगडीला मार होता, तो त्यानं आम्हाला खीरगंगाला सांगितला. तोवर तो ओझं घेऊनच चालत होता. पैसे परत मिळण्यावरून नंतर बरीच कटुता झाली, त्यात मी जात नाही.

मुदचा गाडीवाला ठरल्या दिवशी येऊन बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. आम्ही कधी नाही आलो तर त्यानं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं, तिसऱ्या दिवशी तो निघून गेला. त्याच दिवशी संध्याकाळी आम्हाला खीरगंगाला फोन लागला. म्हणजे आम्ही खरंच त्या बर्फात अडकलो असतो तर शोध कधी सुरू झाला असता, देव जाणे.

आता मागे वळून बघताना

काय वेगळं करता आलं असतं म्हटलं तर मी पासवरच्या त्या दहा मिनिटांकडे फार बघत नाही, तिथे हातात उरलेलं फार कमी होतं. मंतलाईचा दिवस कापायच्या ऐवजी दुसऱ्याच दिवशी मुदच्या गाडीला निरोप द्यायचा, एक दिवस उशिरा ये. तेव्हा फोन लागत होता. एका फोनचं काम होतं, आणि आम्ही त्याऐवजी आमच्या रक्ताला सांगितलं की तू एक दिवस लवकर तयार हो.

परत फिरायची वेळ आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर, पोर्टरांसकट, बोलून ठेवायला हवी होती, आणि ती मागे वळून किती वेळ लागेल त्यावरून काढायला हवी होती, पुढे किती राहिलंय त्यावरून नाही. लीडरच्या खिशातली वेळ ही वेळ नसते. समजा साडेअकरा सगळ्यांना माहीत असतं तर साडेनऊलाच कुणीतरी म्हणालं असतं की हा वेग बघता होत नाही.

दोरी बर्फ सुरू होतो तिथेच बांधायची, 'ऊपर जाके' नाही. आणि हार्नेस किती हे ट्रेकला पैसे भरायच्या आधी विचारायचं, 'आहेत ना' असं नाही, आकडा विचारायचा, पोर्टर धरून. औषधांची पेटी उघडून गोळी किती मिलिग्रॅमची ते वाचायचं.

एका गोष्टीवर माझं आणि दादाचं अजून एकमत नाही. तो म्हणतो वरच्या कॅम्पवरून सकाळी निघायलाच नको होतं. मला वाटतं काकांची संध्याकाळची खरी अवस्था माहीत नसताना, म्हणजे त्याला तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढ्यात, निघणं चूक नव्हतं, मोकळ्या झालेल्या आभाळात निघायचं नाही तर कधी निघायचं. चूक ती माहिती न काढण्यात होती. ह्यावर आम्ही दोघं भेटलो की भांडतो. टीम तोडायला हवी होती का ह्याचंही माझं उत्तर सामानाच्या वाटणीवर अडलेलं आहे, सामान नीट असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं.

काकांना हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा ते शांतपणे ऐकत होते. ठशांबाहेर पडणारे पाय, हातमोजा, 'गाडी आली का', दुसऱ्या पावलाला कोसळणं, ह्यातलं त्यांना काहीच आठवत नाही. त्यांच्या आठवणीत ते व्यवस्थित चालत होते, पास समोर होता, आणि मग बर्फ वाढला म्हणून आम्ही सगळे परत फिरलो. "मी तर अजून दोन तास आरामात चाललो असतो," असं म्हणाले, आणि पटकन बायकोकडे बघून गप्प झाले.